तुतारी वाजली, पण कोणती?

गावात एकाच नावाची दोन माणसे असली की काय घोळ होतो, हे आपल्याला सांगायला नको. सोसायटीची थकबाकीची नोटीस असते एकाची, ती जाऊन पडते दुसऱ्याच्या दारात. ज्याने पै न पै भरली तो चिडून सचिवाला गाठतो आणि ज्याची बाकी आहे तो निवांत झोपतो. म्हणून तर आपण नावापुढे बापाचे नाव लावतो, मळ्याचे नाव लावतो, वस्तीचे नाव लावतो. पत्ता नेमका असावा, ही साधी व्यवहाराची गोष्ट आहे. पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या सातारा मतदारसंघात हजारो मतांचाच पत्ता चुकला की काय, असा प्रश्न उभा राहिला. निकाल लागून बराच काळ लोटला, तरी शशिकांत शिंदे यांचा विषय पारावर निघाला की कोणीतरी म्हणतेच, "पिपाणीनं घात केला बघा."

हे खरे किती आणि मनाचे समाधान किती, याचा शांतपणे विचार करावा म्हणून हे लिहीत आहोत. कोण जिंकायला हवे होते, हा आमचा विषय नाही. लोकांनी कौल दिला, तो सर्वांनी मान्य केला. आमचा विषय आहे तो शेतकऱ्याच्या मताचा. घरून ज्याला द्यायचे ठरवून निघाला, त्यालाच ते पडले का, एवढाच.

आधी आकडे बघा. मतदान ७ मे २०२४ ला झाले, मोजणी ४ जूनला झाली. भारतीय जनता पक्षाचे उदयनराजे भोसले यांना ५,७१,१३४ मते मिळाली. राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार पक्षाचे शशिकांत शिंदे यांना ५,३८,३६३ मते मिळाली. फरक पडला ३२,७७१ मतांचा. आणि तिसऱ्या क्रमांकावर कोण? एक अपक्ष. मोठ्या सभा नाहीत, पक्षाचे पाठबळ नाही, तरी त्यांच्या पारड्यात ३७,०६२ मते पडली. त्यांचे चिन्ह होते ट्रम्पेट, म्हणजे बँडवाल्याकडे असते ते वाद्य. आपल्याकडे त्याला सगळे पिपाणीच म्हणतात. निवडणुकीच्या मराठी यादीत मात्र त्याचे नाव छापले होते 'तुतारी'. आणि शिंदे यांचे चिन्ह होते 'तुतारी वाजवणारा माणूस'. घोडं पेंड खातंय ते इथं.

शशिकांत शिंदे हे काही नवखे नव्हते. जावळी तालुक्यातल्या हुमगावचा हा माणूस, माथाडी कामगारांच्या चळवळीतून वर आलेला. १९९९ आणि २००४ ला जावळीतून आमदार झाले. मतदारसंघांची फेररचना होऊन जावळीचा स्वतंत्र मतदारसंघ गेला, तेव्हा त्यांनी कोरेगाव गाठले आणि २००९ व २०१४ ला तिथून निवडून आले. २०१३ साली कृष्णा खोऱ्याच्या जलसंपदा खात्याचे मंत्री झाले. २०१९ ला कोरेगावात त्यांचा पराभव झाला, तोही अगदी थोडक्या मतांनी. मग २०२० ला विधान परिषदेवर गेले. म्हणजे लोकसभेला उभे राहिले तेव्हा ते विधिमंडळाचे सदस्य होते, पण त्यांच्या हाताखाली विधानसभेचा मतदारसंघ नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

उमेदवारी त्यांच्याकडे आली तीही ऐनवेळी. खासदार श्रीनिवास पाटील यांनी प्रकृतीच्या कारणाने पुन्हा उभे राहायला नकार दिला. २०१९ च्या ऑक्टोबरात लोकसभेची पोटनिवडणूक झाली होती, तेव्हा साताऱ्यातल्या भर पावसातल्या सभेनंतर याच पाटलांनी उदयनराजेंना ८७,७१७ मतांनी हरवले होते. अशा माणसाची जागा भरायची म्हणजे खायचे काम नाही. शिंदे यांचे नाव जाहीर झाले एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आणि मतदान होते ७ मेला. हाताशी जेमतेम चार आठवडे. वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा असे सहा विधानसभा मतदारसंघ. महाबळेश्वरच्या डोंगरातल्या वाड्यांपासून कोयनेच्या खोऱ्यापर्यंत आणि खाली कराडच्या उसाच्या पट्ट्यापर्यंत सगळा मुलूख पायाखाली घालायचा. समोर छत्रपतींच्या घराण्याचे वंशज, पाठीशी केंद्रातली आणि राज्यातली सत्ता. पंतप्रधानांची सभा २९ एप्रिलला कराडला झाली. ही लढत सोपी नव्हती, हे शिंदे यांनाही ठाऊक असणार.

आता चिन्हाकडे येऊ. राष्ट्रवादी काँग्रेस १९९९ साली निघाली तेव्हापासून तिचे चिन्ह घड्याळ. साताऱ्याच्या माणसाला घड्याळ सांगावे लागत नव्हते. लक्ष्मणराव पाटील घड्याळावर दिल्लीला गेले. पुढे खुद्द उदयनराजे २००९, २०१४ आणि २०१९ ला तीन वेळा घड्याळावरच निवडून आले. पंचवीस वर्षे आजोबाने नातवाला हात धरून केंद्रावर नेले आणि सांगितले, घड्याळाचे बटण दाब. मग पक्ष फुटला. ६ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले. २२ फेब्रुवारीला शरद पवार यांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळाले आणि २४ फेब्रुवारीला रायगडावर ते लोकांपुढे आणले गेले. साताऱ्याच्या लोकसभेच्या यंत्रावर त्या वर्षी घड्याळ नव्हतेच, कारण महायुतीकडून लढत होते कमळ.

रायगडापासून मतदानाच्या दिवसापर्यंत दिवस मोजा. ७३ भरतात. पंचवीस वर्षांची सवय मोडून नवे चिन्ह डोक्यात बसवायला ७३ दिवस. उसाची लावण केली तर एवढ्या दिवसांत धड मोठी बांधणीसुद्धा होत नाही. त्यात उमेदवार कोण हे कळायला निम्म्याहून अधिक दिवस गेले.

आणि प्रचार काय झाला? सभेत एकच आरोळी, "तुतारी! तुतारी!" गाडीवरच्या कर्ण्यातून तुतारी, गळ्यातल्या उपरण्यावर तुतारी, व्यासपीठावर खरीखुरी तुतारी वाजवणारा माणूस उभा. उत्साह चांगला होता, पण इथेच चूक झाली असे आमचे मत आहे. चिन्ह नुसती तुतारी नव्हतेच. चिन्ह होते ती वाजवणारा माणूस. शब्द निम्माच लोकांच्या कानावर पडला. ज्याने तो शब्द घोकला आणि यंत्रापुढे उभे राहून वाद्याचे चित्र शोधले, त्याला खाली अपक्षांच्या रांगेत एक वाद्य स्पष्ट दिसले. माणसाचे चित्र मात्र बारीक, त्याच्या हातातली वळणदार तुतारी आणखी बारीक. चष्मा घरी विसरून आलेल्या म्हातारीने काय करावे?

काही शहाणे लोक लगेच म्हणतात, खेडूत अडाणी, त्याला चिन्ह कळत नाही. हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. यंत्रावर चिन्हाचे नाव नसते, नुसते चित्र असते हे खरे. पण उमेदवारांच्या यादीत नाव असते. ज्याला वाचता येते त्याने यादीत 'तुतारी' हा शब्द वाचला असेल, तर तो अपक्षाच्याच नावापुढे वाचला असणार. म्हणजे फसण्याची शक्यता वाचणाऱ्यालाही होती. शेजारच्या बारामती मतदारसंघात तर मतदानाच्या आधीच, एप्रिलमध्ये, या नावावर हरकत घेतली गेली होती. दोष मतदाराच्या अकलेचा नाही, दोन वेगळ्या चिन्हांना एकाच शब्दात बांधणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

आता दुसरी बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर आपणही पारावरचीच चर्चा करीत बसू. पिपाणीला ३७,०६२ मते पडली आणि शिंदे हरले ३२,७७१ मतांनी. दोन आकडे शेजारी ठेवले की कोणालाही वाटते, पिपाणी नसती तर शिंदे खासदार होते. पण जरा हिशेब करा. शिंदे यांना पुढे जायला पिपाणीच्या दर शंभर मतांतली सरासरी अठ्ठ्याऐंशीहून अधिक मते त्यांचीच असायला हवी होती. म्हणजे पिपाणी दाबणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ जण चुकून दाबणारे. त्यात एकही नाराज नाही, दोन्ही मोठ्या उमेदवारांना कंटाळून तिसऱ्याला देणारा नाही, असे जवळपास धरून चालावे लागते. हे अशक्य आहे असे नाही. पण सिद्ध झाले आहे असेही नाही. मतदान गुप्त असते. कोणाच्या मनात काय होते, हे पेटीतून निघत नाही.

मग चूक झालीच नाही असे म्हणायचे का? तसेही नाही. राज्यात इतरत्र काय घडले ते पाहा. दिंडोरीत हेच पिपाणीचे चिन्ह घेतलेल्या अपक्षाला १,०३,६३२ मते मिळाली. तिथे त्याचे आडनावही राष्ट्रवादीच्या उमेदवारासारखेच होते. तरी राष्ट्रवादीचे भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी निवडून आले, म्हणून कोणाला काही वाटले नाही. बीडला पिपाणीने ५४,८५० मते घेतली आणि राष्ट्रवादीचे बजरंग सोनवणे अवघ्या ६,५५३ मतांनी वाचले. बीडचे थोडक्यात निभावले, साताऱ्याचे निभावले नाही. साताऱ्यात तर त्या अपक्षाचे नाव शिंदे यांच्या नावाशी जुळतही नव्हते. नावाचा घोळ नाही, फक्त चिन्हाचा. तरी सदतीस हजार. एका जिल्ह्यात घडले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. नाशिक जिल्ह्यात, बीडला आणि साताऱ्याला तेच घडते, तेव्हा त्यात चिन्हाचा हात आहे हे मान्य करावे लागते. किती, एवढाच वाद.

पण बांधवांनो, सगळे खापर पिपाणीवर फोडून शिंदे यांच्या पक्षाला मोकळे होता येणार नाही. या पक्षाने राज्यात लोकसभेच्या दहा जागा लढवल्या आणि आठ जिंकल्या. हरलेल्या दोन जागा म्हणजे रावेर आणि सातारा. आपल्याच जिल्ह्यातले फलटण आणि माण हे दोन विधानसभा मतदारसंघ लोकसभेला माढ्यात मोडतात. तिथे याच चिन्हावर, याच ७३ दिवसांत धैर्यशील मोहिते पाटील एक लाख वीस हजारांवर मतांनी आले. चिन्ह तेच, वेळ तोच. मग माढ्याला जमले ते साताऱ्याला का जमले नाही?

आमच्या मते त्याचे उत्तर आमदार आणि खासदार यांच्या कामातल्या फरकात आहे. आमदाराची ओळख कामातून होते. रस्ता, बंधारा, डीपी, दवाखान्यातला फोन, पोलीस ठाण्यातली रदबदली. शिंदे यांची ही ओळख जावळीत होती, कोरेगावात होती, मुंबई-नवी मुंबईत माथाडीचे काम करणाऱ्या आपल्या लोकांच्या घरांत होती. पण सहा मतदारसंघांत विधानसभेच्या कामाची ओळख सारखी पुरत नाही. कराड-पाटणच्या शेतकऱ्याला त्यांचे नाव माहीत होते, माणूस ओळखीचा नव्हता. जिथे माणूस ओळखीचा असतो तिथे मतदार चिन्ह चुकला तरी यंत्रावर नाव शोधतो, फोटो शोधतो. जिथे माणूस अनोळखी, तिथे चिन्ह हाच एक आधार. आणि तो आधारच नवा आणि धूसर. एका तालुक्यात वीस-पंचवीस वर्षे घासून मिळवलेली पत चार आठवड्यांत सहा मतदारसंघांत नेता येत नाही. मोठ्या निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आमदाराने ही गोष्ट लिहून ठेवावी.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विधानसभा झाली. शिंदे पुन्हा कोरेगावातून उभे राहिले आणि पुन्हा हरले. जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीने घेतल्या. तेव्हा जिल्ह्याचा वारा फिरला होता, हेही मान्य केले पाहिजे. पक्षाने मात्र त्यांच्यावरचा विश्वास काढला नाही. जुलै २०२५ मध्ये त्यांना पक्षाचे प्रदेशाध्यक्ष केले. पडलेल्या माणसाला राजकारणात दुसरी संधी मिळते. चुकलेल्या मताला ती मिळत नाही.

कोणी विचारेल, या साऱ्याचा शेतीशी काय संबंध? ग्रामीण पानावर राजकारण कशाला? संबंध सरळ आहे. उसाची एफआरपी ठरते दिल्लीत. साखरेचा किमान विक्री दर २०१९ साली ३१ रुपये किलो ठरवला तो दिल्लीनेच. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली आणि आपल्या भागातल्या कारखान्यांचे गणित एका दिवसात विस्कटले. आठवडाभरात ती थोडी सैल केली, तीही दिल्लीनेच. त्याच महिन्यात कांद्याची निर्यात बंद केली आणि ती उठली ४ मे २०२४ ला, आपल्या मतदानाच्या तीन दिवस आधी. आमदार तुमच्या शिवारात रस्ता आणील, पण तुमच्या कांद्याचा आणि उसाचा दर जिथे हलतो तिथे बोलायला खासदार लागतो. उदयनराजेंना निवडणाऱ्या पावणेसहा लाखांच्या आसपास मतदारांनी हा विचार करूनच मत दिले असेल. शिंदे यांना निवडणाऱ्या सव्वापाच लाखांहून अधिक लोकांनीही केला असेल. प्रश्न आहे तो त्या सदतीस हजारांतल्या चुकलेल्यांचा, मग ते पाच हजार असोत की तीस हजार. त्यांचे म्हणणे दिल्लीच्या हिशेबात कुठेच धरले गेले नाही.

आता कायद्याचे काय ते पाहू. चिन्हांचा कारभार चालतो १९६८ च्या चिन्हे आदेशावर. मान्यताप्राप्त पक्षांची चिन्हे राखीव असतात. बाकीची मोकळी चिन्हे आयोग यादीत देतो आणि अपक्ष त्यातून आपली पसंती कळवतो. यादीत असलेले चिन्ह त्या अपक्षाने मागितले आणि त्याला मिळाले, यात बेकायदा काही नाही. निवडणुकीला उभे राहणे हा त्याचा हक्क आहे. त्याला शिव्या देणे बरोबर नाही. जबाबदारी आहे ती यादी करणाऱ्याची. नवे राखीव चिन्ह देताना मोकळ्या यादीत त्याचा जुळा भाऊ बसलेला आहे का, हे तपासायला हवे होते.

निकालानंतर पक्षाने आयोगाकडे दोन मागण्या नेल्या. आमचे चिन्ह यंत्रावर ठळक करा आणि ट्रम्पेट यादीतून काढा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयोगाने पहिली मान्य केली, दुसरी नाही. म्हणजे माणूस मोठा झाला, पण पिपाणी तिथेच राहिली. अर्धी दुरुस्ती म्हणजे बांध फुटलेल्या जागी चार पोती टाकून घरी येणे. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने यंत्रावरच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो रंगीत आणि चेहरा मोठा दिसेल असा छापायचे ठरवले आणि बिहारच्या निवडणुकीपासून ते सुरू केले. हे चांगले झाले. फोटो यंत्रावर २०१५ पासून होताच, पण तो इतका फिका की जावयाचा फोटो सासऱ्याने ओळखू नये.

पण सगळे आयोगावर सोडून आपण हात झटकू नयेत. गावातल्या गावात करण्यासारखे बरेच आहे.

तलाठी आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, शिवाय बीएलओचे काम करणारे शिक्षक आणि अंगणवाडीताई, यांना कोणत्याही पक्षाचे चिन्ह सांगता येत नाही आणि सांगूही नये. पण मत कसे ओळखावे हे सांगता येते. व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असते. ती बघायची असते हेच कितीतरी म्हाताऱ्या माणसांना माहीत नाही. बटण दाबले, आवाज आला, की निघाले. ग्रामसभेत पाच मिनिटे काढून एवढे सांगा. आपल्या हाताने चुकीचे बटण दाबले गेले तर मत परत घेता येत नाही, हेही सांगा. म्हणजे माणूस दाबण्याआधी दोनदा बघेल.

मतदान केंद्राबाहेर उमेदवारांची यादी लावलेली असते. ती बऱ्याचदा अशा जागी डकवतात की उंच माणसानेही टाचा वर कराव्यात. ती डोळ्यांच्या उंचीवर, सावलीत लावा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाने ती वाचली, तर आत गेल्यावर त्याचा गोंधळ होणार नाही.

पक्षांच्या कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. निम्मे चिन्ह शिकवू नका. नमुना यंत्र वापरायची परवानगी असते. लाकडाचे किंवा प्लायवूडचे, खऱ्या यंत्राच्या निम्म्या आकाराचे आणि वेगळ्या रंगाचे. ते घेऊन वस्तीवर जा. चिन्हाबरोबर अनुक्रमांक शिकवा. आकडा विसरत नाही आपला माणूस. बैलाला दिलेली किंमत आणि कारखान्याने कापलेले पैसे त्याला वीस वर्षांनी आठवतात, मग तीन-चार दिवस यंत्रावरचा नंबर आठवणार नाही? मोठ्या सभेला आणलेल्या गाड्या मोजण्यापेक्षा या घरोघरच्या शिकवणीत मते अधिक असतात.

आणि ही गोष्ट फक्त लोकसभेची नाही. ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसतेच, सगळी मोकळी चिन्हे. एका प्रभागात दोन-तीन जागा, शिवाय सरपंचाचे वेगळे मत. एका माणसाला तीन-चार चिन्हे ध्यानात ठेवावी लागतात. साखर कारखाना, बाजार समिती, सोसायटी, सगळीकडे तोच प्रकार. तिथे पाच-दहा मतांनी माणूस पडतो. लोकसभेला सदतीस हजारांचा घोळ होऊ शकतो, तर वॉर्डात सात मतांचा सहज होईल. गावचे पाणी, गावचा रस्ता आणि कारखान्याचा काटा त्या सात मतांवर ठरतो. म्हणून चिन्हवाटपाच्या दिवशी सगळ्या पॅनेलच्या लोकांनी तहसिलात एकत्र बसून यादी डोळ्यांखालून घालावी. दोन चिन्हे सारखी वाटली तर तिथेच, त्याच दिवशी, लेखी हरकत द्यावी. निकाल लागल्यावर आरडाओरडा करणे म्हणजे वरातीमागून घोडे.

शशिकांत शिंदे यांचा पराभव कशाने झाला, यावर लोक अजून बरीच वर्षे बोलतील. कोणी पिपाणी म्हणेल, कोणी उशिरा आलेली उमेदवारी, कोणी राजघराण्यावरचे लोकांचे प्रेम, कोणी फाटलेला पक्ष. आमच्या मते या सगळ्याचाच थोडाथोडा वाटा आहे. पण त्यातली एकच गोष्ट अशी आहे की जी दुरुस्त करणे तुमच्या-आमच्या हातात आहे. उमेदवार कोण द्यायचा ते पक्ष ठरवतो, चिन्ह कोणते द्यायचे ते आयोग ठरवतो. बटणावर बोट मात्र आपलेच असते. पुढच्या वेळी केंद्रावर जाताना चष्मा खिशात घ्या. नंबर पाठ करा. फोटो बघा, नाव वाचा, चिन्ह बघा आणि मगच दाबा. काचेतली चिठ्ठी बघितल्याशिवाय मागे फिरू नका. मागच्या रांगेतला "आवरा की हो" म्हणाला, तर म्हणू दे. पाच वर्षांचा सौदा आहे, सात सेकंद थांबायला कोणाची हरकत नसावी.